माय आणि का

मैसूर राज्याच्या वेळची पाटी आहे तिची.
इंग्रजीत एम वाय, पण आमच्या गल्लीतली पोरं
सरळ वाचतात : माय.
बाकीच्या सगळ्या गाड्या केए बावीस, म्हणजे का.
टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटाला अडकलो की
पुढं का, मागं का, बाजूला का, का,
अन् मधोमध ही एकटी,
सगळ्याचं उत्तर माहीत असल्यासारखी
तापून बंद पडलेली.

स्टँडर्ड हेरल्ड. दोन दारांची. रंग ताकाचा.
कॅम्पात डॉक्टर आल्मेडांच्या फाटकात
पहिल्यांदा बघितली तेव्हा मी नऊ वर्षांचा.
पुसायचे दहा पैसे मिळायचे.
आरसा मी फुकट पुसायचो.

हाताला लागली तेव्हा मी पन्नाशीचा, अन् ती
खानापुरात एका सॉ-मिलच्या मागं,
मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवीत बसलेली.
मालक म्हणाला, पिल्लं बाहेर पडू देत, मग न्या.
अठरा दिवस थांबलो.
इंदुमती म्हणाली, एवढी वाट
माझ्या बाळंतपणाला बघितली नव्हतीस.

तिनं वही केली.
मंडोळी रोडचा दोन गुंठ्यांचा प्लॉट
पहिल्या पानावरच गेला.
रेडिएटर कोल्हापूरला दोनदा;
कागलला प्यालेला चहासुद्धा लिहिला तिनं.
इरप्पा बडिगेर बॉनेट उलटा करतो,
मगरीनं जबडा वासावा तसा तो पुढं पडतो,
आत डोकावून म्हणतो, नोडोण्री.
नोडोण्री म्हणजे बघूया.
वहीत नोडोण्री म्हणजे सहाशे.

टॅक्सची पावती कन्नडात, पुस्तक इंग्रजीत,
शिव्या मराठीत,
अन् थंडीच्या सकाळी ती
कुठल्याच भाषेत सुरू होत नाही.

सुटे भाग मिळत नाहीत म्हणून लोक हळहळतात.
मी तीस वर्षं उद्यमबागेत लेथवर उभा.
पाळी सुटली की गनमेटलचा तुकडा चकात धरायचा
अन् केसाएवढं, अर्ध्या केसाएवढं घ्यायचं,
बोटानं बघायचं, पुन्हा घ्यायचं.
किती हजार बुश काढल्या मी आयुष्यात.
कुठल्या देशातल्या कुठल्या पंपात फिरतात,
फिरतात की गंजल्या,
कुणी कळवलं नाही.
ही एक फिरते ती माझ्या पायाखाली.
हे वहीत कुठल्या रकान्यात घालायचं
मी तिला विचारलं नाही.

मग डॉक्टरनं काचबिंदू सांगितला.
कडेचं जग गेलं, समोरचं राहिलं,
टांग्याच्या घोड्याला झापड बांधतात तसं.
सायकलवाला येतो तो एकदम
आभाळातून पडल्यासारखा.
मी किल्ली देवळीत ठेवली.

पुण्याहून एक पोरगा आला, गॉगलवाला.
लग्नाच्या फोटोला भाड्यानं द्यायची म्हणाला.
चार लाख, रोख.
इंदुमती आत गेली, वही घेऊन आली,
बोट फिरवीत बेरीज केली,
तीन लाख एक्क्याण्णव हजार दोनशे चाळीस.
मी भिंतीकडं बघत होतो, तेवढीच समोर होती.
ती म्हणाली,
पिल्लं अजून बाहेर पडायचीत, भाऊ.
पोरगा गोंधळला. चहा पिऊन गेला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ती गाडी शिकली.
क्लच सोडताना जीभ दातात धरते,
गेटाशी हॉर्न नाही, नुसतं बघते,
अन् लोक बाजूला होतात.
रविवारी उजाडता सांबऱ्याच्या रस्त्याला जातो.
शेंगांची पोती, दुधाच्या किटल्या, पहाटेचे पहिलवान,
ती सगळं सांगत जाते, मी कडा भरून घेतो.
एक म्हातारा एसटीच्या थांब्यावरून
उगाच हात वर करतो.
गाडीला करतो. आम्हाला नाही.

परवा मुतग्याच्या वळणावर
डावीकडून बारीक कुरकुर आली.
मी ऐकली. तिनंही.
तेल का?
तेल. ग्रीस घालू नकोस.
माहीत आहे की, म्हणाली,
अन् गिअर टाकला, जरा खरखरला,
पण पडला.